दोनदा जळालेले आणि एकदा वाटले गेलेले ग्रंथालय

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो, त्या काळी ग्रंथालयाची देखभाल करण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांकडे आळीपाळीने येत असे. जुन्या लॅटिन ग्रंथांवरील धूळ झटकताना कित्येक शीर्षकपानांच्या तळाशी ‘लोव्हानिई’ हा शब्द दृष्टीस पडे. हे कोणा लेखकाचे नाव असावे, अशी आमची भाबडी समजूत होती. पुढे आमच्या एका प्राध्यापक धर्मगुरूंनी खुलासा केला, की हे गावाचे नाव आहे. बेल्जियममधील लूव्हेन या गावी छापलेल्या ग्रंथांवर ते असे लॅटिनमध्ये घातले जाई. “त्या गावच्या ग्रंथालयाचा इतिहास एकदा वाचा,” ते म्हणाले, “म्हणजे पुस्तक हाताळताना तुमचे हात आपोआप जपून चालतील.” गुरुजनांची ती आज्ञा पाळावयास आम्हांस बरीच वर्षे लागली. आज तोच इतिहास आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लूव्हेनचे विद्यापीठ पोप पाचवे मार्टिन यांच्या ९ डिसेंबर १४२५ च्या आज्ञापत्राने स्थापन झाले. ब्राबांतचा ड्यूक चौथा जॉन याने त्यासाठी विनंती केली होती. येथेच शिकविणारे प्राध्यापक एड्रियन पुढे १५२२ मध्ये सहावे एड्रियन या नावाने पोप झाले. संत थॉमस मोर यांचा ‘युटोपिया’ हा ग्रंथ १५१६ मध्ये प्रथम छापला गेला तो याच गावी. इरॅस्मसच्या प्रयत्नांनी १५१७ मध्ये लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांचे विद्यालय उभे राहिले तेही येथेच. नवल असे, की इतकी विद्वत्ता नांदत असूनही पहिली दोनशे वर्षे या विद्यापीठाला स्वतःचे मध्यवर्ती ग्रंथालय नव्हते. निरनिराळ्या विद्यालयांचे आपापले ग्रंथसंग्रह होते, मठांचे होते, प्राध्यापकांच्या घरीही पुस्तकांची कपाटे होती. विद्यार्थ्याने ऐकावे, लिहून घ्यावे आणि पाठ करावे, अशी त्या काळची रीत असल्यामुळे सर्वांसाठी एक ग्रंथालय असावे ही निकड कोणास फारशी भासली नसावी.

ग्रंथालयाचा आरंभ झाला तो दानातून. लॉरेन्स बायरलिंक हे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व धर्मगुरू १६२७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांनी आपला ग्रंथसंग्रह विद्यापीठाच्या नावे केला. त्यात इतिहास आणि ईशज्ञान या विषयांचे ग्रंथ होते. काही वर्षांनी वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक रोमानुस यांनी गणित व वैद्यक या विषयांच्या ग्रंथांची भर घातली. या दोन देणग्यांच्या पायावर १६३६ मध्ये जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत, म्हणजेच विद्यापीठ भवनात, ग्रंथालय उघडले गेले. व्हालेरियुस आंद्रेआस हे कायद्याचे प्राध्यापक त्याचे ग्रंथपाल झाले. योग्य माणूस योग्य जागी बसला असेच म्हणावे लागेल. कारण आपल्या देशातील लेखकांची व त्यांच्या ग्रंथांची सूची त्यांनी १६२३ मध्येच प्रसिद्ध केली होती. ग्रंथ जमविणे हे धनिकाचे काम असेल; पण कोणता ग्रंथ कोठे आहे हे सांगता येणे, ही ग्रंथपालाची विद्या. सूची नसलेले ग्रंथालय म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी होय.

पुढील दीडशे वर्षे मृत्युपत्रे, देणग्या व खरेदी यांतून संग्रह वाढत गेला. मग फ्रेंच राज्यक्रांतीची लाट आली. क्रांतिकारकांच्या प्रतिनिधींनी निवडक ग्रंथ पॅरिसला नेले आणि १७९७ मध्ये विद्यापीठच बंद केले. १८१७ मध्ये डच राजवटीने तेथे सरकारी विद्यापीठ काढले. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तेथील बिशपांनी १८३४ मध्ये मेखलेन येथे कॅथलिक विद्यापीठाची स्थापना केली, आणि १८३५ मध्ये ते लूव्हेनच्या जुन्या वास्तूत आले. ग्रंथालयालाही पुन्हा वाचक लाभले.

आता आम्ही १९१४ सालाकडे वळतो. ४ ऑगस्ट रोजी जर्मन सैन्य तटस्थ बेल्जियममध्ये घुसले आणि १९ तारखेला त्याने लूव्हेन घेतले. २५ ऑगस्टच्या संध्याकाळी गावात अचानक गोळीबार सुरू झाला. नागरिकांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या, असा जर्मन सैन्याचा दावा होता. परंतु अंधारात घाबरलेल्या सैनिकांनी एकमेकांवरच बार काढले, हाच निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी ग्राह्य मानला आहे. त्या संशयाची शिक्षा मात्र गावाला भोगावी लागली. २४८ नागरिक मारले गेले, सुमारे १,५०० जणांना जर्मनीत नेण्यात आले, घरांच्या रांगाच्या रांगा पेटविण्यात आल्या. त्याच रात्री विद्यापीठ भवनास आग लावण्यात आली. सुमारे ३ लाख ग्रंथ, शेकडो हस्तलिखिते आणि मुद्रणकलेच्या आरंभकाळातील दुर्मीळ ग्रंथ यांची राख झाली. हस्तलिखिताची गोष्टच वेगळी असते. छापील पुस्तकाची दुसरी प्रत जगात कोठेतरी सापडते. हस्तलिखित गेले की एक माणूसच कायमचा मुका होतो.

ही वार्ता जगभर पसरली. मेखलेनचे आर्चबिशप कार्डिनल मर्सिए हे स्वतः लूव्हेनचे प्राध्यापक राहिलेले. त्यांनी १९१४ च्या नाताळासाठी लिहिलेल्या पत्रात आपल्या जनतेचे दुःख निर्भयपणे मांडले. मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयाने युद्ध चालू असतानाच लूव्हेनसाठी पुस्तके गोळा करण्यास प्रारंभ केला, आणि १९२५ पर्यंत ५५ हजारांहून अधिक ग्रंथ जमवून पाठविले. जपाननेही ग्रंथ दिले. व्हर्सायच्या तहात तर एक स्वतंत्र कलम, २४७ वे, घालण्यात आले. नष्ट झालेल्या ग्रंथांच्या संख्येइतके व मोलाचे ग्रंथ जर्मनीने लूव्हेनला द्यावेत, असे त्यात म्हटले होते. राष्ट्राराष्ट्रांच्या तहात एका विद्यापीठाच्या पुस्तकांना जागा मिळावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नव्या इमारतीसाठी अमेरिकेत निधी उभारण्यात आला. तेथील शाळा, महाविद्यालये आणि संस्था यांनी वर्गणी दिली. त्यांची नावे आजही भिंतीच्या दगडांवर कोरलेली दिसतात. न्यूयॉर्कचे वास्तुविशारद व्हिटनी वॉरन यांनी आराखडा केला, १९२१ मध्ये कोनशिला बसली आणि ४ जुलै १९२८ रोजी उद्घाटन झाले. मनोऱ्यात अमेरिकेच्या ४८ राज्यांच्या संख्येइतक्या ४८ घंटा बसविल्या गेल्या. युद्धात कामी आलेल्या अमेरिकन अभियंत्यांचे ते स्मारक होते.

याच वेळी एक वाद उद्भवला, आणि या इतिहासातील खरा प्रश्न आमच्या मते तोच आहे. इमारतीच्या दर्शनी कठड्यावर लॅटिन अक्षरांत एक वाक्य कोरावे, असा वॉरन यांचा आग्रह होता. ‘जर्मनांच्या क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकेच्या दानाने पुनःस्थापित’ असा त्याचा आशय. कार्डिनल मर्सिए यांची त्याला संमती होती. परंतु ते १९२६ मध्ये प्रभूच्या घरी गेले. विद्यापीठाचे कुलप्रमुख मॉन्सिन्योर लादझ यांनी मात्र ते वाक्य नाकारले. विद्यापीठ हे सर्व राष्ट्रांतील विद्यार्थ्यांचे घर. त्याच्या दारावर एका राष्ट्राविषयीचा द्वेष कायमचा कोरून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. लोकांत खळबळ उडाली. ज्यांच्या घरची माणसे गोळ्या घालून मारली गेली होती, त्यांना ही क्षमा फार स्वस्त वाटली. अक्षरे नसलेला साधा कठडा बसविण्यात आला, तेव्हा एका गवंडी मुकादमाने संतापून तो हातोड्याने फोडला. १९३३ मध्ये त्याने तो पुन्हा फोडला. वाद न्यायालयापर्यंत गेला. पण कठडा अखेर कोराच राहिला. तो लेख १९३६ मध्ये दिनां या गावी स्मारकावर लावण्यात आला. त्या गावीही १९१४ मध्ये शेकडो नागरिकांची कत्तल झाली होती. १९४० मध्ये जर्मन सैन्य परत आले आणि त्याने ते स्मारक पाडून टाकले.

कोणाचे बरोबर होते? आम्ही धर्मगुरू असल्यामुळे क्षमेच्या बाजूने चटकन कौल देऊ, असे वाचकांस वाटेल. परंतु तो मुकादमही आम्हांस परका वाटत नाही. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. लादझ यांनी तरी घटना कोठे लपविली होती? वर्गात, ग्रंथांत, व्याख्यानांत ती सांगितली जातच होती. त्यांनी एवढेच म्हटले, की सत्य ग्रंथात लिहावे. दारावर लिहू नये. उद्या एखादा जर्मन विद्यार्थी त्या दाराशी आला, तर त्याला आत येता आले पाहिजे. प्रभू येशूने शत्रूवर प्रीती करण्यास सांगितले ते या अर्थानेही आहे, असे आम्हांस वाटते.

लादझ फेब्रुवारी १९४० मध्ये निवर्तले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६-१७ मेच्या रात्री, युद्धाच्या धुमश्चक्रीत नवे ग्रंथालय पुन्हा जळाले. एकमेकांवर दोषारोप झाले. परंतु सुमारे ९ लाख ग्रंथ गेले ते गेलेच. छब्बीस वर्षांच्या अवधीत दुसऱ्यांदा! तरीही लोकांनी वॉरन यांच्याच आराखड्यानुसार इमारत पुन्हा उभी केली, आणि ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून जमविले.

यानंतरचा आघात बाहेरून आला नाही. बेल्जियममध्ये डच व फ्रेंच बोलणाऱ्यांचा तंटा जुना. डचभाषक प्रदेशातील या विद्यापीठात फ्रेंच शिक्षण नको, अशी चळवळ उभी राहिली आणि १९६८ मध्ये विद्यापीठाचे दोन भाग करण्याचे ठरले. फ्रेंच विद्यापीठासाठी लुव्हँ-ला-नव्ह हे नवे नगरच वसविण्यात आले. मग पुस्तकांचे काय? ती वाटली गेली. संग्रहांच्या वाटणीसाठी साधा हिशेब लावला गेला: विषम क्रमांकाचे ग्रंथ लूव्हेनमध्ये राहावेत, सम क्रमांकाचे नव्या गावी जावेत. एकाच ज्ञानकोशाचे खंड दोन गावी गेले, अशी आख्यायिका लोक आजही हसत सांगतात. पण त्या हसण्यात सल आहे. जे दोन महायुद्धांत पुन्हा पुन्हा जमविले, ते घरच्या भांडणात भावाभावांनी वाटून घेतले. आमच्या गावांत वाडवडिलांची वाडी वाटली जाताना मधोमध कुंपण पडते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

असे असले तरी दोन्हीकडे काम थांबले नाही. लूव्हेनमध्ये आज एकच ग्रंथालय नसून मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबर निरनिराळ्या विद्याशाखांची ग्रंथालये आहेत. ईशज्ञानाचे ग्रंथालय वाटणीनंतर, १९७४ मध्ये, नव्याने उघडले. मेखलेनच्या सेमिनरीचे आणि येशूसंघीयांचे जुने संग्रह त्याला मिळाले आणि आज त्याची ग्रंथसंख्या १० लाखांच्या वर आहे. विज्ञानशाखेचे ग्रंथालय तर एका जुन्या मठात थाटले आहे. विद्यापीठाच्या ६०० व्या वर्षानिमित्त सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लूव्हेन आणि लुव्हँ-ला-नव्ह या दोन्ही विद्यापीठांना भेट दिली. दिवंगत पोप महोदयांनी एकाच प्रवासात दोन्ही घरांचा उंबरठा ओलांडला, हे आम्हांस विशेष वाटते.

या ग्रंथालयाचा आपल्या देशाशीही एक धागा जुळलेला आहे. रामकथेचे थोर अभ्यासक आणि इंग्रजी-हिंदी कोशाचे कर्ते फादर कामिल बुल्के हे लूव्हेनचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी. नवे ग्रंथालय उघडले त्याच सुमारास ते तेथे शिकत होते. स्वतःच्या फ्लेमिश भाषेच्या मानासाठी झगडलेला हा तरुण १९३० मध्ये येशूसंघात दाखल झाला, १९३५ मध्ये भारतात आला आणि हिंदीचा सेवक बनला. आपल्या भाषेवरील प्रेम दुसऱ्याच्या भाषेचा द्वेष न करता जोपासता येते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या धर्मग्रामात एवढे मोठे ग्रंथालय नाही. परंतु बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या जुन्या नोंदवह्या आहेत, आजोबांच्या पेटीत गीतांच्या वह्या आहेत, पोटमाळ्यावर वाळवी लागलेली प्रार्थनापुस्तके आहेत. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते हाताने नकला करून ठेवणाऱ्यांमुळे. तेव्हा यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपली पेटी एकदा उघडून पाहावी. जे सापडेल त्याची यादी करावी, त्यावर नाव व वर्ष लिहावे, आणि घराच्या वाटण्या होतील तेव्हा ती पेटी मात्र वाटू नये.