जेवणाऐवजी प्रोटीन शेक : एक जुना धडा

"डॉक्टर, जेवण बंद करून नुसता प्रोटीन शेक घेतला तर लवकर बारीक होईन का?" हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९७६ मध्ये डॉ. रॉबर्ट लिन यांचं ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक आलं. जेवण बंद, त्याऐवजी ‘प्रोलिन’ नावाचं पातळ प्रोटीन. दिवसाला जेमतेम ४०० कॅलरी. लाखो लोक अशी पेयं पिऊ लागले. वजन भराभर उतरलं. पण १९७७ पासून मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारी तपासात सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. अनेकांच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडले होते.

ते प्रोटीन म्हणजे जनावरांच्या कातडीतलं वगैरे कोलॅजन. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. शिवाय उपासमारीत शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं, आणि हृदय हाही स्नायूच आहे.

आजचं दुधापासून केलेलं व्हे प्रोटीन दर्जाने चांगलं आहे, पण तेही जेवणाला जोड म्हणूनच. पोळी, डाळ, भाजी सोडू नका. किडनीचा त्रास असेल तर शेक सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.