खेडची लढाई आणि वारणेची हद्द

हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या दर्शनाला आपण सारेच जातो. परंतु ह्याच वारणेने एके काळी मराठी राज्याचे दोन भाग केले होते, हे तेथे सहसा कोणाच्या मनात येत नाही. १७३१ च्या तहाने ही नदी सातारा आणि कोल्हापूर ह्या दोन गाद्यांची हद्द ठरली. त्यापूर्वी चोवीस वर्षे यादवी चालली होती.

१७०७ साली औरंगजेब नगरला मेला. सतरा वर्षांहून अधिक काळ मोगलांच्या कैदेत असलेल्या शाहूराजांना आज्जमशहाने मे महिन्यात सोडले; मातोश्री येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. मराठ्यांनी आपसांत लढावे, हा हेतू उघड होता. इकडे १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली होती. संभाजीराजांच्या वेळी गेलेले राज्य आम्ही लढून राखले, असे त्यांचे म्हणणे; थोरल्या पातीचा वारस मी, असे शाहूंचे. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. परशुरामपंत प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. शाहूंनी साताराही घेतला व १२ जानेवारी १७०८ ला तेथे राज्याभिषेक करविला. त्याच वर्षी पन्हाळा त्यांच्या हाती आला. ताराबाई रांगण्याकडे गेल्या. पुढे त्यांनी पन्हाळा परत मिळविला. १७११ मध्ये धनाजीचा मुलगा चंद्रसेन शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि अखेर निजामाच्या पदरी राहिला.

हे सारे आज्जमशहाच्या कपटाने घडले, असे म्हणून आपण मोकळे होतो. संप फोडू पाहणारा मालक बाहेर उभा असतोच. पण भेग आत असल्यावाचून त्याची पाचर शिरत नाही. ही भेग जिंजीच्या दिवसांत पडली होती. शिवाजी महाराज शक्यतो रोख पगार देत, जहागिरी देण्याचे टाळीत. राजारामांच्या वेळी खजिना रिकामा, शत्रू दारात. तेव्हा वतने आणि सरंजाम देऊन सरदारांना लढते ठेवावे लागले. त्यावाचून राज्य तगले नसते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु शिपायाची भाकरी सरदाराच्या हातून येऊ लागली आणि फौज राजाची न राहता सरदाराची झाली. मग गादीवर कोणाचा हक्क, ह्याचा निवाडा सरदार कोणीकडे वळतो ह्यावर होऊ लागला.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी सावध केले, ते ही यादवी ऐन भरात असताना. तहाने हद्द आखली, दोन्ही गाद्या राहिल्या, सरंजामही राहिले. वारणेच्या दोन्ही तीरांवर नांगर धरणाऱ्या कुणब्याला मात्र, त्याचा राजा कोण असावा, हे ह्या चोवीस वर्षांत कोणी विचारले नाही.