बाही वर करण्याआधी

मृगाचा पहिला पाऊस पडला की डोंबिवलीत दोन गोष्टी हटकून होतात. लोकल उशिरा धावू लागतात आणि दवाखान्यांच्या पायरीवर चपलांची गर्दी वाढते. सर्दी, खोकला, कणकण, अंगदुखी. त्यातच एखाद्या दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलेला असतो : ‘फ्लूची लस मिळेल.’ तो वाचून घरोघर बोलणं सुरू होतं. घ्यायची का? दर वर्षी घ्यावी लागते म्हणे. घेऊनही सर्दी होतेच म्हणे. अमक्याला तर घेतल्यावरच ताप आला. ‘बघू पुढे’ असं म्हणून विषय संपतो, आणि बघता बघता पावसाळाही संपतो.

प्रश्न छोटा वाटतो. पण ‘टोचून घ्यायचं की नाही’ हा प्रश्न आपल्या मुंबई-ठाण्याच्या मुलखात दोनशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. ही लस बगदाद-बसऱ्यामार्गे आली होती. तेव्हा ती बाटलीतून नव्हे, तर एका माणसाच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी प्रवास करत असे. लोकांनी तिला लगेच आपलं म्हटलं असं मुळीच नाही. देवीचा टोचणारा गावात आला की आया मुलांना माळ्यावर लपवत, या आठवणी अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत पोचल्या आहेत.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. पळायचं कसं? रेल्वेने. म्हणून कल्याण जंक्शनवर उतारूंची तपासणी सुरू झाली. आज ज्या फलाटावर आपण कसारा-कर्जतच्या गाड्यांची वाट पाहतो, तिथे तेव्हा माणसं नाडी आणि काखा तपासून घ्यायला उभी असत. संशय आला की माणूस बाजूला काढला जाई.

सरकारने सगळंच सक्तीने करायला घेतलं. घरात घुसून झडत्या, आजाऱ्याला उचलून इस्पितळात, बाकीच्यांना छावणीत, सामानाची होळी. त्याचा परिणाम काय झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या मानाने दुसरी घटना फारशी कुणाला माहीत नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्याच्या भागात तपासणी पथक एका मुसलमान विणकराच्या घरातली आजारी मुलगी न्यायला आलं. लोकांनी नकार दिला. बाचाबाची झाली, दगड उडाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल पेटली. पुण्यातला ब्राह्मण तरुण आणि मदनपुऱ्यातला जुलाहा यांची एरवी कधी गाठ पडली नसती. पण ‘माझ्या घरात, माझ्या माणसाच्या अंगाला मला न विचारता हात लावू नका’ ही भावना दोघांची एकच होती.

आता याच काळातली दुसरी बाजू पाहा. ओडेसात जन्मलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवर लस तयार करत होता. जंतू वाढवण्यासाठी मांसाचं सत्त्व लागे. हिंदू आणि मुसलमान, कुणाच्याच मनाला ठेच लागू नये म्हणून त्याने बकऱ्याचं मांस वापरलं. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले, म्हणजे जंतू त्यांना लोंबकळत वाढत. लस तयार झाल्यावर ती पहिल्यांदा कुणाला टोचली? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही मोठ्या मात्रेत. ताप आला, दुखलं, तो बरा झाला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांची तयारी होती त्यांना लस टोचली गेली, बाकीच्यांना नाही. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, एकही दगावला नाही. पण तुरुंगातले आकडे मोहल्ल्यात कोण वाचतो? तिथे माणूस पुढे यावा लागतो. तो आला. खोजा इस्माइली समाजाचे तरुण इमाम आगाखान तिसरे यांनी चारचौघांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. त्यांच्या पाठोपाठ हजारो खोजांनी दंड पुढे केले.

प्लेगच्या काळात बहुतेक सगळ्या गोष्टी सक्तीच्या होत्या, लस मात्र ऐच्छिक होती. टोचल्याचा दाखला असला की छावणीतून सूट मिळे, हे खरं. अफवाही होत्या आणि नाही म्हणणारेही पुष्कळ होते. तरीही ज्या शहरात झडतीला दगड मिळाले, त्याच शहरात सुईसाठी रांगा लागल्या. हुकूम आला तिथे लोक बिथरले. विचारणा झाली आणि विचारणाऱ्याने आधी स्वतःची बाही वर केली, तिथे लोक पुढे आले.

याचा अर्थ शंका घेणारे सगळे अडाणी, असा नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. हाफकिनवर ठपका आला, त्याची प्रयोगशाळा हातची गेली. पुढे उघड झालं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्यांनी बाजू लावून धरली तेव्हा कुठे १९०७ साली हाफकिनवरचा डाग पुसला गेला. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून हाफकिनचं नाव आहे. लस निर्दोष होती, हात चुकला होता. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला हा फरक कसा समजावणार? म्हणून शंकेला हसून चालत नाही, तिला उत्तर द्यावं लागतं.

आता फ्लूकडे येऊ. १९१८ मध्ये मुंबईत बंदरातून तो शिरला. जुनी माणसं त्याला ‘मानमोडी’ म्हणत. जूनमध्ये पहिली लाट आली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्या वेळी लस घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तोच मुळी १९३३ साली.

पुढे ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयापुढे रांगा. तेव्हा जो तो विचारत होता, लस कधी येणार? पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. तोवर भीती ओसरली होती, आणि भीतीबरोबर मागणीही. साथीत आपण लस मागतो आणि साथ सरली की ‘बघू पुढे’ म्हणतो. २००९ चा तो विषाणू मात्र कुठे गेला नाही. तो आता नेहमीच्या फ्लूपैकी एक होऊन दर पावसाळ्यात आपल्यातच असतो.

लस दर वर्षी का, याचं उत्तर सोपं आहे. हा विषाणू सतत वेष बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा नवा वाण सुचवते. शिवाय लशीने आलेली शक्ती काही महिन्यांत ओसरते. ती घेऊन फ्लू होणारच नाही अशी हमी नाही. वाण नीट जुळला त्या वर्षी साधारण चाळीस ते साठ टक्के संरक्षण मिळतं; आजार झालाच तर इस्पितळापर्यंत जाण्याचा धोका कमी होतो. साध्या सर्दीवर तिचा उपयोग नाही. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. मोठा अपाय फार विरळा. १९७६ साली अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी लोकांना स्वाइन फ्लूची लस दिली, तेव्हा लाखात एकाच्या आसपास माणसांना अंग लुळं पडण्याचा गियाँ-बारे नावाचा विकार जास्तीचा झाला, आणि ती मोहीम थांबवली गेली. हे लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. मांडावं आणि मग तोलावं.

तोलताना कोणासाठी, हे महत्त्वाचं. पासष्टीपुढचे, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले, गर्भवती, पाच वर्षांखालची मुलं आणि रोज रुग्णांत वावरणारे यांना फ्लू साध्या तापासारखा सोडत नाही. त्यांच्याबाबत पारडं लशीकडे स्पष्ट झुकतं. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि लशीला काम सुरू करायला दोन आठवडे लागतात. म्हणजे निर्णय मे महिन्यात घ्यायला हवा. धडधाकट माणसाची गोष्ट थोडी वेगळी. पण डोंबिवलीचा धडधाकट माणूस सकाळच्या जलद लोकलमध्ये दुसऱ्याच्या श्वासात श्वास मिसळून प्रवास करतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या उशाशी बसतो. त्याचा दंड एकट्याचा नसतो.

माझ्या समाजाबद्दल एक सांगावंसं वाटतं. पोलिओच्या डोसांनी मुलं होत नाहीत, अशी अफवा एके काळी भिवंडी-मालेगावच्या गल्ल्यांतून फिरली. लशीत डुकराचं जिलेटिन आहे का, हा प्रश्न आजही विचारला जातो. तो विचारणाऱ्याला हसू नये. हाफकिनलाही तो कळला होता, म्हणून तर त्याने बकरा निवडला. जिलेटिनवर धर्मपंडितांनीही विचार केला आहे. १९९५ साली कुवेतमध्ये शंभरावर विद्वानांनी असा निर्वाळा दिला की पदार्थाचं मूळ रूप पालटलं की त्याचा हुकूमही पालटतो. हजला जाणारे आमचे वडीलधारे निघण्याआधी मेंदूज्वराची लस निमूट टोचून घेतात, पोलिओचे थेंब घेतात. वयस्कर यात्रेकरूंना फ्लूचीही लस दिली जाते. तिथे कुणी कुरकुरत नाही. कारण तिथे लशीचं कारण त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलेलं असतं, आणि आधी जाऊन आलेला माणूस शेजारीच राहत असतो. पोलिओही असाच हरला. मशिदींतून आवाहनं झाली, मौलवी पुढे आले, आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही.

फ्लूच्या लशीची आज कुणावर सक्ती नाही. राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत ती नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गर्भवती आणि जोखमीच्या रुग्णांना ती मोफत देण्याचं पाऊल उचललं, पण एरवी आपल्या खिशातले पैसे घालूनच ती घ्यावी लागते. सक्ती नसल्यामुळे कुणी दगड मारत नाही, आणि कुणी समजावूनही सांगत नाही. ज्या हक्कासाठी मदनपुऱ्यातला विणकर गोळीपुढे उभा राहिला, तो ‘मला विचारा’ म्हणण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळाला आहे. तो वापरायला हवा. डॉक्टरांना विचारा, तुम्ही स्वतः घेतली का, कोणत्या वर्षाचा वाण आहे, बाटली थंडाव्यात होती का. उत्तर पटलं तर घ्या. नाही पटलं तर कारणासह नाही म्हणा. तोही निर्णयच असतो. फक्त पावसाळा निघून गेला म्हणून घेतली नाही, याला निर्णय म्हणत नाहीत.