आधी आरोपी, मग रोगी

मांजराच्या कातडीवर लाल चट्टा दिसला, की मी दवाखान्याच्या खिडक्या बंद करून वुड्सचा दिवा लावतो. नायटा असेल तर पुष्कळदा पिल्लाच्या कानामागचे तुटके केस पोपटी चमकतात. पाहणारे दचकतात आणि विचारतात, "डॉक्टर, घरात लहान मूल आहे, त्याला होईल का?" या आजाराचा सारा इतिहास याच काळजीतून घडला. मांजर त्यात आलं ते आरोपी म्हणून. त्यालाही खाज सुटते, त्याचीही कातडी सुजते, याकडे लक्ष फार उशिरा गेलं.

पॅरिसमध्ये १८४३ साली डेव्हिड ग्रुबी या हंगेरीत जन्मलेल्या डॉक्टरने मुलांच्या डोक्यावरच्या चट्ट्यांतले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यांवरची बुरशी दाखवली. तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. सुमारे पन्नास वर्षांनी त्याच शहरातल्या सेंट लुई रुग्णालयात रेमों साबूरो यांनी या बुरश्या वेगवेगळ्या वाढवल्या. काही मुलांकडून मुलांकडे जातात, काही जनावरांकडून येतात, हे त्यातून स्पष्ट झालं. त्यांच्या नावाच्या अगरवर आम्ही आजही मांजराचे केस पेरतो. मुलांवरचे तेव्हाचे उपचार मात्र अंगावर काटा आणणारे होते. केस गळावेत म्हणून थॅलियमसारखं विष दिलं जाई, आणि १९०४ पासून डोक्यावर क्ष-किरण सोडले जात.

दिव्याची काच अमेरिकेतल्या रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाची, १९०३ सालची. तिच्याखाली नायट्याचे केस चमकतात हे मार्गारो आणि देवेझ या फ्रेंच डॉक्टरांनी १९२५ मध्ये दाखवलं. मांजरांतला नायटा बहुतेक वेळा ज्या मायक्रोस्पोरम कॅनिसमुळे होतो, ती बुरशी या उजेडात सापडते. पण प्रत्येक वेळी नाही. केस चमकले नाहीत म्हणून मी मांजराला निर्दोष ठरवत नाही.

मांजराच्या दृष्टीने खरं वळण आलं ते १९५८ साली. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीतूनच मिळालेलं द्रव्य १९३९ पासून माहीत होतं. ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी ते गिनीपिगांना तोंडावाटे देऊन नायटा बरा केला. नव्याने उगवणाऱ्या केसांत औषध उतरतं, त्यामुळे बुरशीला पुढे सरकता येत नाही. मांजरासाठी ही केवढी मोठी गोष्ट! वरून लावलेलं मलम ते चाटून टाकतं, आणि फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं पचवायला त्याचं यकृत असमर्थ असतं. मात्र गाभण मांजरीला हे औषध देता येत नाही, पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. आता आम्ही बहुधा इट्राकोनाझोल देतो, आणि जोडीला चुना-गंधकाच्या द्रावणाने अंघोळ. तिचा वास घरभर राहतो, तरी मी तिचा आग्रह सोडत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पर्शियन पिल्लांना आधीच घरातलं स्टेरॉइडचं मलम चोळलेलं असतं. लाली दोन दिवस ओसरते, बुरशी मात्र फोफावते. शिवाय गळलेल्या केसांतले बीजाणू गादीत, गालिच्यात वर्षभरही जिवंत राहू शकतात. म्हणून केस भरून आले तरी मी औषध थांबवत नाही. साबूरोंच्या अगरवर लागोपाठ दोनदा काहीच उगवलं नाही, की मगच थांबवतो.