बेस गिटारचा रियाज आणि झोपलेलं घर : हेडफोन अ‍ॅम्प निवडताना काय पाहायचं?

बेस गिटार शिकणाऱ्या बहुतेकांची अडचण सारखीच असते. कॉलेज किंवा ऑफिस आटोपून घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. वाजवायला वेळ मिळतो तेव्हा घरातले झोपायच्या तयारीत असतात. अ‍ॅम्प सुरू केला की थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरून निरोप येतो किंवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो.

यावरचा सोपा उपाय म्हणजे हेडफोन अ‍ॅम्प. बेसचा सिग्नल मोठा करून थेट हेडफोनमध्ये देणारं हे छोटं उपकरण. पण ऑनलाइन शोधलं की डझनभर मॉडेल्स समोर येतात आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत इफेक्ट्सची लांबलचक यादी असते. रोजच्या रियाजासाठी त्यातलं नेमकं काय लागतं आणि कशावर पैसे घालवायची गरज नाही, ते समजून घेऊया.

आवाज कमी ठेवला तरी बेस शेजाऱ्यांपर्यंत का जातो?

चार तारांच्या बेसची सर्वात जाड तार, म्हणजे खालचा ई, सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. पाच तारांच्या बेसवरचा खालचा बी तर सुमारे ३१ हर्ट्झला. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते. भिंती उंच पट्टीचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण पट्टी जितकी खाली जाते तितकी भिंत कमी पडते. ढोबळ हिशेबाने फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की भिंत सुमारे ६ डेसिबलने कमी आवाज अडवते. शिवाय अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला असेल तर कंपनं स्लॅबमधूनच खाली जातात. म्हणून शेजाऱ्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड ऐकू येते.

कायद्याची बाजूही आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ‘मोबाइलच्या अ‍ॅपवर तर आवाज कमीच दिसतो’ हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. अशी मोजणी सहसा ‘ए-वेटिंग’ पद्धतीने होते आणि त्यात ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा लहान दिसतो, पण शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरतच असते.

मग अ‍ॅम्प न लावताच वाजवलं तर?

इलेक्ट्रिक बेस तसाच वाजवला तर शेजाऱ्यांना त्रास होत नाही. वाजवणाऱ्याचं मात्र नुकसान होतं. आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून उजवा हात नकळत जोरात तारा ओढायला लागतो. हीच सवय पुढे बँडसोबत वाजवताना खटकते.

दुसरं म्हणजे चुका लपतात. बेस वाजवण्यात नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवणं, म्हणजे म्यूटिंग, हे मोठं काम आहे. न वाजवलेली तार मागे गुणगुणत असेल, नोट वेळेआधी तुटत असेल, बोट फ्रेटच्या थोडं मागे पडत असेल, तर ते अ‍ॅम्पशिवाय कळत नाही. हेडफोनमध्ये ते लख्ख ऐकू येतं. त्यामुळे हेडफोन अ‍ॅम्प ही नुसती शांततेची सोय नाही. स्वतःच्या चुका ऐकण्याचं ते साधन आहे आणि निवडताना हाच निकष समोर ठेवावा.

हेडफोन थेट बेसला का लावता येत नाही?

पॅसिव्ह बेसच्या पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्याचा सिग्नल कमकुवत असतो आणि त्याचा अंतर्गत रोध काही हजार ओहम असतो. हेडफोन साधारण ३२ ते २५० ओहमचे असतात. पिकअपवर इतका मोठा भार पडला की सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून मध्ये असं उपकरण लागतं, ज्याचं इनपुट पिकअपवर भार टाकत नाही आणि आउटपुट हेडफोन चालवू शकतं. बेस-गिटारसाठीच्या इनपुटचा इम्पिडन्स सहसा १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम असतो. कॉम्प्युटरच्या साध्या लाइन-इनमध्ये बेस लावला तर आवाज बोदा येतो, त्याचं कारण हेच.

बाजारात काय काय मिळतं?

ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

* थेट जॅकमध्ये बसणारे छोटे अ‍ॅम्प : व्हॉक्सची अ‍ॅमप्लग मालिका यात सर्वात परिचित. तिचं बेससाठी वेगळं मॉडेल आहे. बॉसच्या कटाना:गो मध्ये गिटार आणि बेस असे दोन वेगळे मोड आहेत. खिशात मावतात, वायरचा पसारा नसतो.
* मल्टि-इफेक्ट पेडल : उदाहरणार्थ झूम बी१ फोर. त्यात ट्यूनर, तालाचे पॅटर्न आणि लूपरही मिळतो. हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प घ्यावा लागत नाही.
* ऑडिओ इंटरफेस : फोकसराइट स्कार्लेट सोलोसारखं उपकरण कॉम्प्युटरला जोडायचं आणि हेडफोन त्यात लावायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय. पण दरवेळी कॉम्प्युटर उघडावा लागला की रियाज टाळला जातो, हेही खरं.
* वायरलेस हेडफोन आणि ट्रान्समीटरचा संच : बॉस वाझा-एअर बेस यात येतो. वायरची कटकट नाही, पण किंमत बरीच जास्त.

पाचवा पर्याय अनेकांच्या घरात आधीच असतो. सरावाच्या बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पना मागे किंवा पुढे हेडफोन जॅक असतो. खरेदीआधी तो तपासावा. मात्र ‘स्पीकर आउट’ लिहिलेल्या जागी हेडफोन कधीही लावू नये. तिथली ताकद स्पीकरसाठी असते, हेडफोन जळू शकतो आणि कानालाही धोका असतो.

विकत घेण्याआधी कोणत्या पाच गोष्टी तपासाव्यात?

१. बेसचं मॉडेल आहे की गिटारचं? दिसायला दोन्ही सारखे असतात. गिटारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये खालचा आवाज बहुधा कापलेला असतो आणि डिस्टॉर्शन लवकर येतं. नावात ‘बेस’ आहे की नाही, किंवा बेस मोड आहे का, हे आधी पाहावं.

२. बाहेरचं गाणं आत घेता येतं का? यासाठी ‘ऑक्स इन’ किंवा ब्लूटूथ असतं. बेसचं अर्ध काम ड्रम्ससोबत राहणं आहे. गाणं, मेट्रोनोम किंवा ड्रम ट्रॅक सोबत ऐकता आला नाही तर रियाज अपुरा राहतो. ही सोय नसलेलं उपकरण स्वस्त असलं तरी घेऊ नये.

३. कॅबिनेट सिम्युलेशन आहे का? बेस अ‍ॅम्पचा मोठा स्पीकर वरच्या पट्टीतला बराचसा आवाज वाजवतच नाही. हेडफोन मात्र सगळं वाजवतो. त्यामुळे कच्चा सिग्नल ऐकला की बोटांची खरखर आणि तारांचा खणखणाट कानात टोचतो. स्पीकरचा परिणाम साधणारी ही सोय असेल तर तासभर वाजवणं सुसह्य होतं. नसेल तर निदान टोनचं बटण हवं.

४. गेन आणि व्हॉल्यूम वेगळे आहेत का? ज्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते तो अ‍ॅक्टिव्ह बेस. त्याचा सिग्नल जोरकस असतो आणि स्वस्त उपकरणात तो फाटतो. गेन कमी करता आला तर प्रश्न सुटतो. अ‍ॅक्टिव्ह बेस असलेल्यांनी आणखी एक सवय लावावी. वाजवून झालं की जॅक काढून ठेवावा, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते.

५. आपल्या बेसच्या जॅकमध्ये नीट बसेल का? काही बेसचा जॅक समोरच्या पट्टीवर असतो, काहींचा बाजूला. समोर असेल तर प्लग-इन अ‍ॅम्प बाहेर डोकावतो आणि हाताला किंवा खुर्चीला लागू शकतो. फिरणारा प्लग असलेला अ‍ॅम्प किंवा छोटी एक्स्टेंशन केबल हा त्यावर उपाय. हेडफोनचा जॅक छोटा, म्हणजे ३.५ मिमी आहे की मोठा, म्हणजे ६.३५ मिमी, तेही पाहून अ‍ॅडॉप्टर सोबतच घ्यावा.

शंभर इफेक्ट्स, रंगीत स्क्रीन किंवा अ‍ॅपमधले प्रसिद्ध आवाज ही यादी यानंतर येते. सुरुवात करणाऱ्याला एकच स्वच्छ टोन पुरतो.

ब्लूटूथ हेडफोन चालेल का?

सर्वात जास्त फसगत इथेच होते. ब्लूटूथवरून आवाज यायला वेळ लागतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांपर्यंत असू शकतो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही, कारण अ‍ॅप चित्रच तेवढं मागे ठेवतं. पण तार छेडणारं बोट मागे ठेवता येत नाही.

१२० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला तर ऐकू येणारी नोट एका सोळाव्या नोटपेक्षाही मागे पडते. अशात ताल सांभाळणं अशक्य.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. अ‍ॅम्पच्या पाकिटावर ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा अर्थ असा की फोनवरचं गाणं अ‍ॅम्पमध्ये येतं. त्यात अडचण नाही. गाणं पाव सेकंद उशिरा सुरू झालं तरी ते आणि बेस कानात एकत्रच पोहोचतात. अडचण अ‍ॅम्पपासून कानापर्यंतच्या प्रवासात आहे. तिथे वायरच हवी. वाझा-एअरसारखे संच चालतात कारण त्यांचा ट्रान्समीटर कमी विलंबासाठी खास बनवलेला असतो.

हेडफोन कसा असावा?

अ‍ॅम्प कितीही चांगला असला तरी ४१ हर्ट्झ वाजवू न शकणाऱ्या हेडफोनमध्ये खालचा ई हरवतो. म्हणून बजेट ठरवताना आधी हेडफोनचा विचार करावा. मोबाइलसोबत आलेल्या इअरफोनवर महागडा अ‍ॅम्प ऐकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

रात्रीच्या रियाजासाठी बंद पाठीचा, म्हणजे क्लोज्ड-बॅक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर येतो आणि बाजूला झोपलेल्याला ऐकू जातो. कानात घालायचे इअरफोन चालतात, पण रबरी टोपी घट्ट बसली पाहिजे. थोडी फट राहिली तरी बेस निघून जातो.

इम्पिडन्सही पाहावा. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्पने १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात, २५० ओहमच्या हेडफोनला फक्त ४. म्हणून छोट्या अ‍ॅम्पसोबत ३२ ते ८० ओहमचा हेडफोन बरा.

शेजारी वाचले, पण कानांचं काय?

खालच्या फ्रिक्वेन्सी माणसाच्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात, विशेषतः हळू आवाजात. त्यामुळे ‘बेस ऐकूच येत नाही’ म्हणत आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. घरात कोणी हटकणारं नसतं, कारण बाहेर काहीच ऐकू जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

* जॅक लावताना आणि काढताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवावा. ‘फट्’ असा आवाज कानाजवळ धोकादायक असतो.
* बेस ऐकू येत नसेल तर बेस वाढवण्याऐवजी गाण्याचा आवाज कमी करावा.
* दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं हेडफोन काढावा.
* वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा आजूबाजूचं बोलणं दबलेलं वाटत असेल, तर आवाज जास्त होता. हे वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

* नुकतीच सुरुवात केली असेल आणि बजेट कमी असेल तर बेससाठीचा, ऑक्स इन असलेला प्लग-इन अ‍ॅम्प आणि वायरचा बंद पाठीचा हेडफोन.
* ताल, लूप आणि ट्यूनर एकत्र हवे असतील तर बेसचं मल्टि-इफेक्ट पेडल.
* स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करायचं असेल आणि कॉम्प्युटर समोरच असेल तर ऑडिओ इंटरफेस.
* घरच्या अ‍ॅम्पला हेडफोन जॅक असेल तर फक्त चांगला हेडफोन. बाकी पैसे शिकवणीसाठी ठेवावेत.

दुकानात जाणं शक्य असेल तर स्वतःचा बेस आणि स्वतःचा हेडफोन सोबत न्यावा. खालची ई तार मोकळी छेडावी आणि ती स्पष्ट नोटसारखी ऐकू येते की नुसती घरघर होते ते पाहावं. मग फोनवरचं ओळखीचं गाणं लावून त्यासोबत दोन मिनिटं वाजवावं. त्या दोन मिनिटांत स्वतःच्या चुका ऐकू आल्या तर ते उपकरण कामाचं आहे.