बेचाळीस मुक्काम

सन १७५५चा उन्हाळा. पोदोलियातलं मेझिबोझ गाव. राजा पोलंडचा, गावाची मालकी चार्तोरिस्की घराण्याची. नदीकाठचा किल्ला मागे टाकून तुम्ही ज्यू वस्तीत शिरता. आज शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस. दुकानं बंद, चुलीला काल सूर्यास्तापासून कुणी हात लावलेला नाही. इथलं एक घर ज्यू समाजाच्या मालकीचं आहे आणि राहणाऱ्याला कर माफ आहे. तिथं राहतात ते धर्मगुरू इस्रायल बेन एलिएझर. लोक त्यांना बाल शेम तोव म्हणतात.

सिनेगॉगमध्ये गर्दी. खांद्यांवर प्रार्थनेच्या शाली. वाचक तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीतून 'गणना' ग्रंथाचा शेवट वाचतोय: मिसरमधून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांचे ४२ मुक्काम. ही यादी वाचताना मधे थांबायचं नाही, असा रिवाज. मारा, जिथलं पाणी कडू निघालं. एलीम, १२ झरे नि ७० खजुरी. किब्रोथ-हत्तव्वा, जिथं मांसाच्या हव्यासापायी माणसं मेली. होर डोंगर, जिथं त्यांचा महायाजक अहरोन वारला. दुःखाचा म्हणून एकही मुक्काम गाळलेला नाही, आणि मला या यादीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम आधीच ठरलेले असतात. या लोकांचं तसं नव्हतं. निवासमंडपावरचा, म्हणजे सोबत नेलेल्या देवाच्या तंबूवरचा, ढग हलला की मंडपाच्या ४८ फळ्या उतरवायच्या, ढग थांबला की पुन्हा उभ्या करायच्या. एका रात्रीसाठी की वर्षासाठी, ते कुणालाच ठाऊक नसे.

बाल शेम तोव यांची शिकवण त्यांचा नातू पुढे लिहून ठेवणार आहे. तुमच्या कानी ती इथंच पडते. हे सारे प्रवास प्रत्येकाला जन्मापासून मरणापर्यंत करावे लागतात. आईच्या पोटातून बाहेर येणं, हेच मिसरमधून निघणं. किब्रोथ-हत्तव्वाही वाया गेलेला नाही: तिथं हव्यास पुरला जातो, म्हणून तो शहाणपणाचा मुक्काम.

तुम्हाला तुमची वर्षं आठवतात, काहीच न घडलेली. शेजारच्या म्हाताऱ्याला तुम्ही हळूच ते सांगता.

तो फ्रान्सच्या राशीनं, अकराव्या शतकातल्या थोर भाष्यकारानं, मांडलेला हिशेब बोटांवर मोजतो. "१४ मुक्काम पहिल्याच वर्षी. ८ अहरोन गेल्यावर, शेवटच्या वर्षी. मधल्या ३८ वर्षांत किती उरले?"

"वीस. म्हणजे आजोबा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसून होते?"

"होते. आणि शब्बाथ सोडून रोज सकाळी मान्ना, आकाशातून पडलेलं अन्न, वेचायला तंबूबाहेर पडत होते. वर्षभराचा साठा कुणाला करता येत नव्हता, पोरा. त्या दिवसाचा त्या दिवशी."

ग्रंथ संपतो. सारी मंडळी उभी राहून एकमेकांना बळ देणारा घोष करतात. पुढच्या शनिवारी नवा ग्रंथ उघडायचा आहे. म्हातारा तुम्हाला कोपरानं ढोसतो. "गप्प का? तूही म्हण."