कंत्राटी भरतीचा तक्ता कुठंय?

२६ जुलै १९०२ ला राजर्षी शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे आपण दरवर्षी स्टेटसला टाकतो. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती: पुढच्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचा.

महाराजांनी १८९४ ला कारभार हाती घेतला, तेव्हा ७१ वरिष्ठ पदांपैकी ६० वर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५. मोजदाद होती, म्हणून फरक दिसला.

आजचं बघा. केंद्राच्या नोकरीत ४५ दिवस किंवा जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही आरक्षण आहे. नियम १९६८ पासूनचा. पण आपल्याकडे एजन्सीमार्फत ऑपरेटर, शिपाई भरतात, तेव्हा अर्ज कुणाचे आले आणि घेतलं कुणाला, याचा तक्ता इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत मी तरी पाहिलेला नाही.

"जात कशाला विचारायची?" असं काहीजण म्हणतील. अहो, आडनाव अर्जावर असतंच की! अमेरिकेत पूर्वी केंद्र सरकारची नोकरी हंगामी असो वा कायम, अर्जदाराला वंश, लिंग, अपंगत्व वेगळं विचारायचे. सांगणं ऐच्छिक होतं. निवड करणाऱ्याला ते दिसायचं नाही, फक्त एकत्रित आकडे काढायचे.

आपल्याकडेही सहा महिन्यांच्या भरतीला असा ऐच्छिक फॉर्म ठेवा आणि दर तिमाहीला तक्ता नोटीस बोर्डावर लावा. कॉम्प्युटर नसताना कोल्हापूर दरबारानं हे मागितलं होतं. आपण निदान मागणी तरी करूया.